एका बाजूची धार

चाकूला घरी धार लावायची माझी पद्धत साधी होती. तिला चार वस्तू लागत: सपाट काच, वॉटर पेपर, पाणी आणि मार्कर पेन. वॉटर पेपर म्हणजे भिजवून वापरायचा काळा पॉलिश पेपर. हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो, त्याच्या पाठीवर आकडा छापलेला असतो, आणि आकडा मोठा तितका कागद बारीक. काच मोडीत निघालेल्या टीपॉयची होती. ओला कागद काचेवर अंथरला की चिकटून बसतो. पात्याच्या कडेला मार्करने काळी रेघ ओढायची आणि पातं ठरलेल्या कोनात कागदावरून सरकवायचं. रेघ पुसली गेली तिथे पोलाद घासलं जातंय, शिल्लक राहिली तिथे नाही. मत बनवायला जागा उरत नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर रोज इतरांची मतं छाटत असल्यामुळे मला हे काम आवडत असे.

धार लावणारा सायकलवाला आमच्या भागात येईनासा झाल्यावर मी हे सुरू केलं. घरात खिशात मावणारे तीन घडीचे चाकू होते. तिन्ही कायम धारदार असत. शेजारीही आपापले चाकू आणून देत. त्यामुळे या विषयात आपल्याला कळतं, असा माझा समज झाला होता.

त्या वर्षांत हडपसरच्या पूर्वेला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. माझ्या सासऱ्यांचं गाव तोवर महापालिकेच्या हद्दीत आलं होतं. स्वारगेटहून सुटणाऱ्या बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरणाऱ्यांत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं-मुली जास्त असत. सासऱ्यांची आणि त्यांच्या भावांची शेवटची जमीन बिल्डरकडे गेली होती. व्यवहार सर्वांच्या संमतीने झाला होता आणि सासऱ्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्या जमिनीवरची एक गोष्ट मात्र त्यांना सोबत न्यायची होती. ते आंब्याचं झाड होतं.

झाड रायवळ होतं, म्हणजे कोणी न लावता बांधावर पडलेल्या कोयीतून उगवलेलं. रायवळाचं प्रत्येक झाड वेगळं असतं. त्याची कोय पेरली तर तसंच झाड येईल याची खात्री नसते. याचा पिकलेला आंबा कोणी आवडीने खात नसे, पण कैरी आंबट, बिनरेषांची होती आणि लोणच्यात वर्षभर करकरीत राहायची. सासऱ्यांच्या घरी आणि आसपासच्या दहा-बारा घरांत लोणचं त्याच कैरीचं असे. तशी कैरी देणारं झाड ते एकच होतं. ते टिकवायचं तर कलम करण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

सासरे तरुणपणी एका रोपवाटिकेत कलमं बांधायचं काम करत. त्यांनी तयारी रीतसर केली. काळ्या पिशव्यांत कोयी रुजवल्या, त्यांना तांबूस पानं फुटली. झाडावरच्या अठरा शेंड्यांची पानं देठ राखून छाटली. असं केलं की आठ-दहा दिवसांत देठ गळतात आणि शेंड्याचा डोळा फुगतो. मग ती काडी उतरवायची, तिच्या बुडाला पाचरीसारखा आकार द्यायचा, रोपाचा शेंडा उडवून मधोमध चीर द्यायची, काडी चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. त्यांना बारा कलमं हवी होती. सहा काड्या जास्तीच्या. शनिवारी कलमं बांधायची आणि सोमवारी झाड पाडायचं, असं बिल्डरच्या माणसांशी ठरलं होतं.

राहिला चाकू. तो घडीचाच होता, लाकडी मुठीचा, रोपवाटिकेतल्या दिवसांपासूनचा. घरात कोणीतरी त्याने वायर सोलली होती आणि पात्याला दोन दाते पडले होते. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. स्वतः धार लावण्याइतकं बारीक त्यांना दिसत नव्हतं.

आदल्या रविवारी जेवण झाल्यावर तो चाकू त्यांच्या हातात दिसला आणि मी म्हणालो, "द्या मामा, मी लावून देतो धार."

"ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. तुमाला कशाला तरास?"

"त्रास कसला? घरी हेच करत असतो."

"ह्याचं जरा येगळं असतंय."

"पोलादच ना शेवटी?"

ते सासूबाईंकडे बघत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "जावई एवढं हौसंनं म्हंत्यात, तर द्या की."

त्यांनी पातं मिटलं, टॉवेलने पुसलं आणि चाकू माझ्या हातावर ठेवला. वेगळं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. वार्ताहराने असा प्रश्न सोडून दिला असता तर मी त्याला परत पाठवलं असतं.

घरी पाहिलं तर पात्याची एक बाजू पूर्ण सपाट होती. उतार फक्त दुसऱ्या बाजूला होता. इतकी वर्षं वापरून एका बाजूची धार झिजून गेली असणार, असा निष्कर्ष मी काढला. दोन सकाळी त्यावर घालवल्या. चारशे, आठशे, हजार, दोन हजार असे चार कागद झाले. सपाट बाजूला दुसऱ्या बाजूच्या कोनाइतकाच नवा उतार दिला. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पातं ओढलं. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला, आवाज न होता कापला गेला. मनगटावरचे केस निघाले.

शनिवारी मला साप्ताहिक सुट्टी असे. बायको आणि मी सव्वानऊला पोचलो. सासरे पडवीत पिशव्या मांडून बसले होते. चाकू उघडून त्यांनी अंगठा पात्याच्या एका बाजूवरून आडवा फिरवला. मग दुसऱ्या बाजूवरून फिरवला. अंगठा तिथे थांबला.

"कसं आहे?" मी विचारलं.

"झाक झालंय," ते म्हणाले.

बायको आईच्या मदतीला आत गेली. सासऱ्यांनी आधी आठ काड्या उतरवून ओल्या गोणपाटात ठेवल्या होत्या. पट्ट्या हातात द्यायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या काडीच्या बुडाला त्यांनी एक काप घेतला, काडी फिरवून दुसरा घेतला, पाचर डोळ्यांजवळ नेली आणि काडी खाली ठेवली. दुसरी घेतली. तिच्यावर तीनदा काप घेतला. पाचर आखूड झाली, तीही खाली गेली.

"काय झालं, मामा?"

"काडी कवळी हाय."

तिसरीबद्दल ते म्हणाले की गाठ आली. चौथीबद्दल म्हणाले की आपला हात बसला नाही. पाचवी आणि सहावी नुसती खाली ठेवली. मी पट्टी धरून बसलो होतो. त्यांच्या मनगटाची हालचाल प्रत्येक वेळी सारखीच होती, हे मला दिसत होतं. हात बसला नाही असं दिसत नव्हतं. आंब्याच्या चिकाचा वास पडवीत भरला होता. सातवी काडी खाली गेली तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. एकही कलम बांधून झालं नव्हतं.

बायको चहा घेऊन आली. तिने कप ठेवले आणि जमिनीवरच्या काड्या मोजल्या. लहानपणी वडिलांनी केलेली कलमं बांधायचं काम तिच्याकडे असे. तिने एक काडी उचलून पाचर आडवी धरली, मग वडिलांच्या हातातून चाकू घेतला आणि पातं उजेडाकडे केलं.

"दोन्ही बाजूंनी लावलीत धार?" तिने मला विचारलं.

"हो."

"का?"

"चाकू आहे म्हणून."

"हा कलमाचा चाकू आहे. याची एक बाजू सपाटच असते. सपाट बाजू लाकडाला टेकते म्हणून काप सरळ जातो. आता पातं आत शिरलं की बाहेर यायला बघतं. पाचरीला पोट येतंय, दिसत नाही का?"

मी खिशात कायम असणारी स्टीलची मोजपट्टी काडीच्या कापावर उभी धरली. दोन्ही टोकांना पट्टीखालून उजेड दिसत होता. अशी पाचर चिरेत बसवली तर मधेच टेकणार, वर आणि खाली फट राहणार. फटीत काडी वाळते.

"आबा, तुम्हाला हात लावताच कळलं असेल," ती म्हणाली.

"गप ए. पाव्हण्यांनी दोन दिस घालवल्यात त्याच्यावर."

"वा. सात काड्या गेल्या आणि दोघं एकमेकांचा मान राखत बसलाय."

सासरे पिशव्यांकडे बघत होते.

तेवढ्यात बिल्डरच्या साइटवरचा सुपरवायझर आला. विदर्भातून आलेला, पंचविशीतला इंजिनिअर होता. हेल्मेट काखेत धरून तो पायरीशीच थांबला.

"काका, मले वरून फोन आला. सोमवारी मशीन दुसऱ्या साइटवर जाऊन राहिली. झाडवाले आजच येते म्हणते, दोन वाजता."

"सोमवार ठरलंवतं," सासरे म्हणाले.

"ठरलं होतं, काका. माझ्या हातात असतं तर मी काहून आलो असतो? पोरायले जेवायला लावतो आधी. अडीच करतो. त्याच्यापुढं मले नाही जमणार."

तो गेला. सासऱ्यांनी छाटणीची कात्री उचलली, शिडी लावली आणि उरलेल्या दहा काड्या उतरवून आणल्या. गोणपाटात आता अकरा काड्या होत्या. पानं छाटून तयार केलेला शेंडा झाडावर एकही नव्हता, आणि नवीन तयार करायला आठ दिवस लागले असते. झाड अडीच वाजता जाणार होतं.

"उद्या केली तर?" मी विचारलं. उद्यापर्यंत मी घरून काच आणि कागद आणू शकलो असतो.

"फुगल्याला डोळा थांबत न्हाई, पाव्हणं. आज करायला पायजे."

बायकोने दाढीचं ब्लेड सुचवलं. ते म्हणाले, ब्लेड लवतं. ते ज्या रोपवाटिकेत होते ती बंद झाली होती, दुसऱ्या कोणाकडे तसा चाकू असल्याचं त्यांना माहीत नव्हतं.

"मग आहे तोच नीट करा," बायको मला म्हणाली. "करता येईल का?"

मी हो म्हणालो. येईल याची मला खात्री नव्हती.

नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपरचे तीन आकडे मिळाले: दोनशेवीस, चारशे आणि हजार. सपाट जागेचा प्रश्न होता. स्वयंपाकघरातल्या कडाप्प्यावर मोजपट्टी धरून पाहिली तर मधे खोलगट होता. सासूबाईंनी टीव्हीच्या शोकेसमधल्या बाहुल्या आणि लग्नात आलेला कपबशांचा सेट काढून ठेवला आणि शोकेसची सरकती काच माझ्यापुढे केली. काच सरळ होती. ती पाटावर ओलं फडकं घालून ठेवली, म्हणजे हलणार नाही, आणि बारा वाजायला वीस मिनिटं असताना मी सुरुवात केली.

करायचं ते उलट काम होतं. मी दिलेला नवा उतार नाहीसा होईपर्यंत पात्याची ती अख्खी बाजू कागदावर पालथी ठेवून घासायची होती. धार लावताना केसभर धातू काढायचा असतो, इथे पूर्ण पृष्ठभाग खाली आणायचा होता. मार्करने ती बाजू कडेपर्यंत काळी केली आणि दोनशेवीस नंबरवर घासू लागलो. वीस मिनिटांनी पाहिलं. पात्याच्या बाकी भागावरची शाई गेली होती. कडेची काळी रेघ जशीच्या तशी होती. मी जोर वाढवला. एक कागद संपला, दुसरा अंथरला. बोटांची टोकं ओली आणि काळी झाली होती आणि पातं त्यांतून निसटत होतं.

सासरे समोर बसून होते. बघत होते की नुसते बसले होते, ते कळत नव्हतं. साडेबाराला रेघ मुठीकडे थोडी पुसली गेली, टोकाकडे तशीच होती. पाऊण वाजताही टोकाकडे तशीच होती.

"मामा, होतंय का बरोबर?"

"होतंय की. चालूद्या."

मी हात थांबवला. "झाक झालंय असं सकाळीही म्हणाला होतात."

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला.

"मामा, मला जावई समजू नका आता. रोपवाटिकेत नवा माणूस कामाला लागला असता आणि असं करत असता, तर काय म्हणाला असता?"

त्यांनी गोणपाटाकडे नजर टाकली. मग सरकून काचेजवळ आले.

"त्याला म्हन्लो असतो, ऊठ तितनं," ते म्हणाले. "मुठीकडं दाबताय सगळं. टोक वर उचलतंय तुमचं. आन घाई करताय. दाबून पोलाद जात न्हाई, कागद जातोय नुसता."

"मग?"

"दोन बोटं पात्याच्या मधी ठेवा. मूठ धरू नका, नुसती आधाराला. पानी घाला. हां. आता ओढा. ढकलू नका, ओढा. न्हाई. परत उचललं टोक."

"आता?"

"न्हाई."

"आता?"

"आता हाय. आसंच. बोलू नका."

सव्वा वाजता टोकाकडची रेघ अर्धी झाली. मधेमधे ते अंगठा आडवा फिरवत आणि कुठे शिल्लक आहे ते नखाने दाखवत. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांपेक्षा अंगठ्याला जास्त कळत होतं. पावणेदोनला दहा मिनिटं असताना काळी रेघ गेली. मग चारशेवर दोन्ही बाजू, हजारवर दोन्ही बाजू: एक पालथी, एक उतारावर. शेवटी माझ्या कमरेच्या पट्ट्याची आतली बाजू. दाते पूर्ण गेले नव्हते, मुठीजवळ एक बारीक राहिला होता. ते म्हणाले, तिथलं पातं लागत नाही.

पहिली काडी त्यांनी दोन वाजता घेतली. एक काप, काडी फिरवून दुसरा काप. पाचर माझ्यापुढे धरली. मी मोजपट्टी लावली. उजेड आला नाही.

"बांध," ते मुलीला म्हणाले.

त्यानंतर दर कलमाला चार ते पाच मिनिटं लागत होती. ते पाचर करत, रोप चिरत, काडी बसवत, बायको पट्टी गुंडाळत असे. तिसऱ्या कलमाच्या वेळी पट्टी ओढताना काडी चिरेपाशी मोडली. बायको म्हणाली, "माझी चूक." सासरे म्हणाले, "व्हय," आणि पुढची काडी उचलली.

अडीचला माणसं आली, पावणेतीनला करवत सुरू झाली. पडवीतून झाड दिसत नव्हतं, पण आवाज पूर्ण येत होता. सासरे आठव्या काडीवर होते. आवाज मधेच जाड झाला तेव्हा त्यांनी पातं काडीपासून दूर धरलं आणि थांबले. बायकोही थांबली. जमीन हादरली, गोणपाटावरचं पाणी थरथरलं. ते थांबेपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि मग काप घेतला. तीन वाजून दहा मिनिटांनी दहा कलमं बांधून झाली होती. सासूबाई बाहेर जाऊन झाडाजवळ उभ्या राहिल्या. सासरे गेले नाहीत. ते पिशव्या भिंतीकडे सरकवत होते.

कलम लागलं की नाही हे तीन आठवड्यांनी कळतं. तोवर पट्टी सोडून बघता येत नाही. काडी हिरवी दिसली तरी तिला अर्थ नसतो, ती आतल्या ओलाव्यावर काही दिवस हिरवी राहू शकते. बायको रोज दुपारी फोन करत असे. "आहेत तशाच," असं उत्तर येई. दुसऱ्या आठवड्यात दोन काड्या काळ्या पडल्या. नंतर आणखी तीन पडल्या. मी ऑफिसला जायच्या आधी तिच्या चेहऱ्याकडे बघून आकडा ओळखायला शिकलो होतो. तिने मला दोष दिला असता तर सोपं गेलं असतं.

चौथ्या शनिवारी आम्ही गेलो. सासरे बाहेर आले नाहीत, पडवीतून म्हणाले, "या." भिंतीशी चार पिशव्या वेगळ्या काढलेल्या होत्या. चारही काड्यांना तांबूस, बोटाच्या पेराएवढी पानं फुटली होती. सहावीही काडी काळी पडली होती. सहा रिकाम्या पिशव्या घडी घालून बाजूला ठेवल्या होत्या.

सासूबाईंनी पाणी आणलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाव्हण्यांनी येळेला धार लावून दिली म्हनून चार तरी जगली."

"चार त्यांच्यामुळं जगली," सासरे म्हणाले, "आन सात काड्या त्यांच्यामुळं गेल्या. बाराची चार झाली. सांगायचं तर सगळं सांग."

सासूबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. जावयाला त्या घरात असं कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. बायको माझ्याकडे बघत होती. आकडे बरोबर होते. मी तसं सांगितलं.

"हितं दुपारचं ऊन येतंय," सासरे मला म्हणाले. "चारीबी पिशव्या तिकडं मोरीच्या बाजूला न्या."

मी चप्पल काढली आणि वाकून पहिली पिशवी उचलली.

"वरनं न्हाई," ते म्हणाले. "बुडाला धरा."

मी खाली ठेवली, हात बुडाखाली घातला आणि पुन्हा उचलली. चार खेपा झाल्या. ते प्रत्येक खेपेला बघत होते.